आमच्या बाजूचं ऊन

डोंगर एकच, गावही एकच. पण पलीकडच्या उतारावर लोक घोंगडी पांघरून चिखल तुडवत असतात, तेव्हा अलीकडे आम्ही कपाळावर हात धरून उन्हातून चालत असतो. समुद्राकडून वारा येतो, ढग घेऊन येतो, आणि डोंगराला धडकला की सगळं ओझं पलीकडेच टाकून रिकाम्या हाताने आमच्याकडे उतरतो. मधे एक खिंड आहे. तिथे उभं राहिलं की एका गालाला ओल लागते आणि दुसरा गाल तापतो. खिंडीपलीकडे माझा दीर आणि धाकटी जाऊ राहतात. अलीकडे आम्ही.

हे नशीब कुणी आमच्या गळ्यात बांधलेलं नाही. मी स्वतः मागून घेतलं आहे. वाटणी झाली ते वर्षच उलटं होतं. माणसाच्या आयुष्यात एखाद्या वेळी वारा फिरतो, तसा तो त्या साली फिरला होता. ढग जमिनीकडून आले. अलीकडच्या उतारावर गुडघाभर गवत झालं, कोरडा ओढा दोन महिने वाहिला, आणि पलीकडे मिरीच्या वेली पिवळ्या पडल्या. सासरे म्हणाले, "थोरल्याने आधी सांगावं." हे आपले जमिनीकडे बघत उभे. मी मागून कोपर मारलं आणि दात न उघडता म्हटलं, "अलीकडचं मागा." ह्यांनी मागितलं. धाकट्याने मान हलवून पलीकडचं घेतलं. सासरे नुसते खोकले. ते का खोकले, हे मला पुढच्या वर्षी कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याला सतरा वर्षं झाली. आमच्या उतारावर तीळ होतो, तूर होते, तीही तिच्या मनात असलं तर. पलीकडे मात्र जे टोचावं ते फुटतं. कुंपणाला रोवलेल्या खुंटालासुद्धा पालवी येते. मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे, दिराच्या दारातल्या खाटेच्या पायाला कोंब आला होता. धाकटी हसत होती. मला काही हसू आलं नाही.

पलीकडे नाही असं आमच्याकडे एकच होतं, ते म्हणजे ऊन. आणि ऊन झेलायला सासऱ्यांनी बांधलेलं दगडी खळं, घराच्या पुढ्यात, चांगलं वीस पावलं लांब आणि तेवढंच रुंद. मिरी तोडायच्या दिवसांतही पलीकडे धुकं हटत नाही, भुरभुर थांबत नाही. हिरवी मिरी ढिगात चार दिवस राहिली की तिला बुरशी येते. म्हणून दरवर्षी धाकट्याची मिरी खेचरावरून खिंड ओलांडून आमच्या खळ्यावर वाळायला यायची. पोत्यांच्या वर दोन कॅन पाणी बांधलेलं असायचं. मिरी खळ्यावर, पाणी आमच्या टाकीत. हे कुणी ठरवलं नव्हतं. दिराने पहिल्या वर्षी केलं आणि मग ते होत राहिलं.

यंदा पहिली खेप घेऊन दोघंही आले. दीर खेचराचा दोर धरून पुढे, धाकटी मागे. तिच्या अंगावरच्या कपड्यांना तोच कोंदट वास होता, जो त्यांच्या घरात गेलं की येतो.

"वहिनी, यंदा मिरी बघा," दिराने पोत्याचं तोंड सोडलं. "घोस करंगळीएवढे लांब आलेत."

मी बघितलं. करंगळीएवढे नव्हते, मधल्या बोटाएवढे होते. मी म्हटलं, "बरी आहे."

"बरी काय जाऊबाई, पंधरा वर्षांत अशी धरली नव्हती!" धाकटी म्हणाली.

"मग मी काय वाईट म्हटलं?"

ती हसली. तिला कधी टोमणा कळतच नाही. कळत असेल तर फारच पोहोचलेली म्हणायची.

दीर कॅन उचलून टाकीकडे गेला. आम्ही दोघी मिरी मळायला लागलो. मळायला म्हणजे पायांनी. घोस खळ्यावर पसरायचे आणि अनवाणी तुडवत राहायचं. दाणे सुटतात, देठ पायांच्या बोटांत अडकतात. धाकटीचा चेहरा अजून लोण्यासारखा. समोरून शिंपीण जात होती, ती थांबली. आमच्या गल्लीत शिवायला कपडे कमी आणि बोलायला विषय जास्त, त्यामुळे ती बहुतेक वेळ बाहेरच असते.

"अगं, ही तुझी जाऊ ना? मला वाटलं सून आणलीस की काय!"

"चार वर्षांनी लहान आहे फक्त," मी म्हटलं.

"हवा मानवते एकेकाला."

हवा मानवते. मी जोरात तुडवायला लागले. माझ्या टाचांच्या भेगांत मिरीचा रस गेला आणि आग झाली. मी दात आवळून तुडवत राहिले. थोड्या वेळाने धाकटी एकदम कळवळली आणि मटकन बसली. पाय वर घेतला. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटलेल्या, आतून लाल. चिखल्या. पावसात वावरणाऱ्यांना होतात तशा, पण ह्या वर्षानुवर्षांच्या होत्या.

"औषध लाव ना काही," मी म्हटलं.

"लावते. पण पाय कोरडा राहील तेव्हा ना. कपडे घालते तेही ओलेच." मग माझ्या दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडे सगळं कसं कडकडीत असतं, जाऊबाई. मी आले ना की आधी तुमच्या उशीवर गाल ठेवून बघते. तुम्हाला ठाऊक नसेल."

मला वाईट वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. पण तिच्या फाटक्या बेचक्यांवरून माझी नजर पोत्याकडे गेली, आणि पुन्हा पोटात दुखायला लागलं. उशीवर गाल ठेवून कुणाचं घर चालत नाही.

मिरी वाळवणं म्हणजे तान्ह्या पोराला सांभाळण्यासारखं आहे. सकाळी दव उडालं की पसरायची, तासातासाने लाकडी दाताळ्याने खालची वर करायची, ऊन उतरलं की मधोमध ढीग करून वर ताडपत्री घालायची. ताडपत्री दिराचीच, निळी, नवी. पहिल्या दिवशी दाणा हिरवा असतो, दुसऱ्या दिवशी तपकिरी होतो, चौथ्या दिवशी काळा पडून सुरकुततो. पाच-सहा दिवसांनी दाताखाली टचकन फुटला की झालं. दीर आणि धाकटी खेप टाकून पलीकडे परत जात, कारण तिकडे तोडणी चालूच होती. दिवसभर खळ्यावर मीच. दुसऱ्याच्या मिरीला दाताळं मारताना माझे खांदे भरून यायचे आणि माझ्या परड्यातली चार वांगी पाण्यावाचून माना टाकून उभी असायची.

हे एकदा म्हणाले, "जास्त वेळ उन्हात राहू नकोस. मी करतो."

"तुमच्या भावाची मिरी आहे. केलीच पाहिजे मला."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुम्ही काही म्हणत नाही हीच तर अडचण आहे."

हे उठून बैलाकडे गेले. ह्यांचं असंच आहे, बोलणं आलं की ह्यांना बैल आठवतो.

चौथ्या दिवशी धाकटी एकटी आली, तोडणी संपवून, पाणी आणि रिकामी पोती घेऊन. टाकीत तिने स्वतः कॅन ओतले. पहिला पूर्ण गेला. दुसरा ओतताना तिने हाताने काठ धरला आणि ओरडली, "जाऊबाई, काठोकाठ झाली बरं का! थोडं उरलंय, हे घागरीत घेता का?" मी घागर दिली. आमची टाकी त्या दिवसांत भरलेली असणं म्हणजे नवलच होतं. मी तसं बोलून दाखवलं नाही.

मग आम्ही सावलीत बसलो. ती खुशीत होती. म्हणाली, "एक सांगू? ह्यांनी अजून दादांना सांगितलं नाही. पण तुम्हाला सांगते."

"सांग."

"यंदाची मिरी गेली ना, की आम्ही भट्टी बसवतोय. वाळवणीची. खाली जळण, वर जाळी, भोवती पत्र्याची खोली. एका दिवसात वाळते म्हणतात. पाऊस असो, धुकं असो." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग तुम्हाला हा त्रास नाही. किती वर्षं करताय तुम्ही आमच्यासाठी. मला लाज वाटते हो."

मी म्हटलं, "चांगलं आहे."

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला ना."

ती गेल्यावर मी दाताळं उचललं आणि तशीच उभी राहिले. पाऊस त्यांचा, वेली त्यांच्या, ओढा त्यांचा. सतरा वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट होती जिच्यासाठी त्यांना खिंड ओलांडून माझ्या दारात यावं लागत होतं. आता ऊनसुद्धा ते पत्र्याच्या खोलीत पेटवणार होते. मग मी कोण? वाळक्या उतारावरची एक वाळकी बाई. आणि ही मला सांगते कसं, तर त्रास वाचेल म्हणून. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पाचव्या दिवशी हे सकाळीच नांगराचा फाळ घेऊन लोहाराकडे गेले. मिरी काळी झाली होती. मी एक दाणा चावला, जवळजवळ टचकन फुटला. अजून एक ऊन लागलं की पोती भरायची. दोन दिवसांनी व्यापाऱ्याची गाडी येणार होती.

दुपारी जेवून चुलीपाशी भांडी घासत होते. सहज लक्ष गेलं तर धूर डोंगराकडे चालला होता.

आमच्याकडे धूर कधीच डोंगराकडे जात नाही. वारा डोंगरावरून येतो, धूर खाली जातो. मी बाहेर आले. झाडांची पानं उलटी झाली होती, पांढरी बाजू वर. माझ्या कपाळावरचे केस डोंगराच्या दिशेने उडत होते. खाली, सपाटीकडे, आभाळाला काळी कड आली होती. असं मी एकदाच पाहिलं होतं. वाटणीच्या वर्षी.

अजून वेळ होता, चांगला अर्धा तास. एवढ्या वेळात एकट्या बाईलाही ढीग करून ताडपत्री घालता येते, वर चार दगड ठेवता येतात. शिंपिणीला हाक मारली असती तर त्याहून लवकर. खिंडीकडे तोंड करून थाळी वाजवली असती तर दीरही धावत आला असता. पलीकडून ही काळी कड दिसत नाही, मधे डोंगर आहे. मला हे सगळं कळत होतं. मी ओट्यावर बसले. बसून एका भांड्याची राख धुतली, मग दुसऱ्या. भांडं लख्ख झालं तरी घासत होते. मनात म्हणत होते, येणारच नाही पाऊस. अलीकडे कधी आलाय? आणि मनाच्या तळाशी म्हणत होते, ये.

पहिला थेंब खळ्याच्या दगडावर पडला तेव्हा चर्र आवाज झाला.

आमच्या बाजूला पाऊस आला की माणूस विचार करत नाही. घमेली, पातेली, चादरी, जे हाताला येईल ते बाहेर येतं. गल्लीत एकच ओरडा झाला. शिंपीण दोन बादल्या घेऊन नाचत बाहेर आली. म्हातारेसुद्धा छपराखाली डबे लावायला धावले. मीही धावले. ताडपत्री ओढली, टाकीभोवती चार खांब आहेत, त्यांच्या आकड्यांना तिची टोकं बांधली, मधे झोळ सोडला. पाणी झोळात जमून टाकीत पडायला लागलं. सगळं नेहमीच्या सवयीने झालं. कुणी विचारलं तर हेच सांगता येईल. सगळ्यांनी हेच केलं.

पण टाकीचं झाकण मी काढलं होतं. आणि काढताना मला दिसलं होतं की पाणी काठोकाठ आहे. मी दिसलेलं न दिसल्यासारखं केलं आणि चौथी गाठ मारली.

पाऊस दगडासारखा आला. मी भिजत उभी राहिले. खळ्याला कडेला पाणी जायला एक भोक आहे, मुठीएवढं. दाणे आधी तरंगले, मग रांगेने त्या भोकाकडे निघाले. काळ्या मुंग्या बिळाकडे जाव्यात तसे. माझ्या पायांवरून गेले. मला वाकून ते अडवता आलं असतं. माझ्या पाठीमागे टाकी भरून वाहत होती, तिचं पाणीही त्याच भोकाकडे चाललं होतं आणि मिरी ढकलत होतं. सतरा वर्षं ज्याची वाट बघितली तो पाऊस माझ्या डोक्यावर पडत होता, आणि मला थंडी वाजत होती.

खिंडीतून दीर धावत उतरला तेव्हा पाऊस ओसरत होता. डोंगराच्या वर विजा दिसल्यावर त्याला कळलं असावं. त्याने सरळ भोकापाशी गुडघे टेकले, डोक्याचं फडकं काढून त्यात कोंबलं, आणि ओंजळीने दाणे मागे लोटायला लागला. मागून धाकटी आली, धापा टाकत. चिखल्यांचे पाय, ती लंगडत होती.

"अगं, कुणीही हेच केलं असतं," शिंपीण माझ्या बाजूने बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "पाऊस दिसला की आमचं भान राहत नाही. पहिली टाकी. तुम्हाला काय कळणार पलीकडच्यांना?"

"खरंय," दीर खाली बघूनच म्हणाला. "वहिनी एकट्या होत्या. काय करणार?"

धाकटी मात्र टाकीपाशी उभी होती. ताडपत्रीचा झोळ अजून गळत होता, आणि टाकीच्या चारही बाजूंनी पाणी ओघळत होतं. तिने काठावर हात ठेवला. काल जिथे ठेवला होता तिथेच. पाणी तिच्या बोटांवरून वाहिलं.

"काल भरली होती ना, जाऊबाई?" ती म्हणाली. अगदी हळू.

"लक्षात नाही राहिलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. सतरा वर्षांत तिला माझा एकही टोमणा कळला नव्हता. आता ते सगळे एकदम कळत होते, मागचेसुद्धा, एकेक करून. मग ती वळली आणि नवऱ्याशेजारी गुडघ्यांवर बसून दाणे गोळा करायला लागली. मीही वाकले. तिने तिच्या पुढ्यातली जागा मला दिली नाही.

तेवढ्यात हे आले, भिजलेले, हातात फाळ, चेहरा पोरासारखा खुललेला. "टाकी भरली का गं?" त्यांनी लांबूनच विचारलं. मग त्यांना खळं दिसलं.

पुढचे तीन दिवस आभाळ झाकलेलं राहिलं, आमच्या बाजूलाही. गोळा केलेली मिरी पांढुरकी पडली. व्यापाऱ्याने मूठभर घेतली, हुंगली, परत पोत्यात टाकली आणि हात पँटला पुसले. दीर म्हणाला, "होतं असं एखाद्या वर्षी." खेचर रिकामं घेऊन ते खिंड चढून गेले. भट्टीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. म्हणजे मला हवं होतं ते झालं.

टाकीचं पाणी तिखट लागायला लागलं. ताडपत्रीला चिकटलेली मिरीची धूळ पावसाबरोबर आत गेली होती. पहिल्यांदा ह्यांनी पेला तोंडाला लावला आणि थांबले.

"मिरी लागतेय," हे म्हणाले.

"पावसाचं पाणी आहे. मुरलं की जाईल."

ते गेलं नाही. भात तिखट, चहा तिखट, चूळ भरली तरी घशाशी जळजळ. हे पीत राहिले. एक दिवस पेला खाली ठेवून म्हणाले, "वाटणीच्या वेळी तू कोपर मारलंस, तेव्हा मला ठाऊक होतं ते वर्ष उलटं आहे. मी इथेच वाढलो. तरी मी तुझं ऐकलं." मला वाटलं, पुढे काही बोलतील. हे उठून बैलाकडे गेले.

कडक उन्हाळा आला. टाकीचा तळ दिसला. तळाशी गाळात पाच-पंचवीस दाणे होते, फुगून साल सुटलेले. मी ते काढून खळ्यावर ठेवले. एवढ्या मोठ्या खळ्यावर तेवढेच दाणे. एका दिवसात वाळले, कडकडीत. पाण्यासाठी आता खिंडीतल्या झऱ्यावर जावं लागत होतं, आणि झरा पलीकडच्या अंगाला आहे. चार दिवस हे गेले. पाचव्या दिवशी त्यांची कंबर धरली, म्हणून मी घागर घेतली.

खिंडीत दगडी बांध आहे. त्यावर दोन कॅन ठेवले होते, भरलेले. बांधाच्या पलीकडे धाकटी पाय खाली सोडून बसली होती. तिकडे भुरभुर चालू होती, तिचे केस ओले होते.

मी म्हटलं, "तू आणलंस?"

"हो."

"राग गेला तुझा?"

"नाही," ती म्हणाली. "राग आहे. तुमची टाकी संपली असेल म्हणून आणलं. रोज ठेवत जाईन. तुम्ही मी नसताना येऊन नेलंत तर बरं."

ती उठली आणि लंगडत उतरायला लागली. मी तिला हाक मारली नाही. तिने मागे वळून बघितलं नाही. थोड्याच वेळात धुक्यात ती दिसेनाशी झाली.

घागर बांधाशीच ठेवून मी एक कॅन डोक्यावर घेतला, एक हातात. उतारावर ऊन मी म्हणत होतं. घरी आल्यावर टाकीत ओतण्याआधी पेला भरला आणि उभ्याउभ्याच प्यायले. गोड पाणी घशाखाली गेलं. सतरा वर्षं मी तिच्या पावसावर जळले, वेलींवर जळले, तिच्या गालांवरसुद्धा जळले. ते सगळं तिला मिळालेलं होतं, कमावलेलं नव्हतं, असं म्हणून तरी मन समजावता येत होतं. हे कॅन तिला कुणी दिले नव्हते. राग पोटात ठेवून, तसल्या पायांनी, तिने ते खिंडीपर्यंत चढवले होते. हे माझ्याच्याने झालं नसतं.

मी दुसरा पेला भरला. पाणी गोडच होतं, आणि माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.